आधी अंदाज, मग हात, शेवटी नाव

पोरी, तुला सहावी ते आठवीचं विज्ञान मिळालं हे ऐकून फार बरं वाटलं. बल, गती, घनता हे धडे पुस्तकात थोड्या पानांचे दिसतात, पण पुढचं सगळं भौतिकशास्त्र त्यांच्यावर उभं राहतं. ते कच्चे राहिले की मूल दहावीपर्यंत सूत्रं पाठ करतं, गणितं सोडवतं आणि तरी मनातून त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावात हे धडे शिकवायला लागणारं साहित्य प्रयोगशाळेच्या कपाटात नसलं तरी चालतं. ते शेतात, डेअरीत, घाटावर आणि धरणावर पडलेलं आहे. मी आयुष्यभर याच मुलांना शिकवलं. त्यातून जे हाताशी उरलं ते तुला देते.

नाव शेवटी सांग

'घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान' असं फळ्यावर लिहून तास सुरू केलास की मुलं ते उतरवून घेतात आणि विचार थांबवतात. तू क्रम उलटा ठेव. आधी वस्तू समोर मांड. काय होईल ते विचार. प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घे. मग मुलांच्या हातून करून घे, मोजून घे. एवढं झाल्यावर नाव सांग. तोवर त्या नावाची त्यांनाच गरज वाटू लागलेली असते.

अंदाज लिहूनच घ्यायचा, तोंडी नाही. तोंडी विचारलं की वर्गातला चुणचुणीत मुलगा आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. स्वतःच्या हाताने लिहिलेला अंदाज चुकला की चुटपुट लागते: मला असं का वाटलं? शिकणं तिथून सुरू होतं. चुकलेल्या अंदाजाला कुणी हसलं तर तास तिथेच थांबव आणि त्या मुलाला त्याचं कारण सगळ्यांसमोर नीट मांडू दे. जड वस्तू लवकर पडते असं ॲरिस्टॉटललाही वाटत होतं, आणि तो समज जवळजवळ दोन हजार वर्षं टिकला. मुलाचा चुकीचा अंदाज बहुतेक वेळा असाच जुना आणि विचारपूर्वक केलेला असतो. त्याला मान दे.

घनता भाताच्या बियाण्यापासून सुरू कर

घाटघर, आहुपे या बाजूची मुलं तुझ्या वर्गात असतील तर पहिला तास त्यांच्या हाती दे. भाताची रोपं टाकण्याआधी बी मिठाच्या पाण्यात घालायची पद्धत त्यांनी घरी पाहिलेली असते: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचं द्रावण. बी ओतून ढवळायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं भरीव बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. हे मुलांना माहीत असतं, पण 'हेच तुमचं विज्ञान' असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आश्रमशाळेतलं गप्प बसणारं पोर त्या दिवशी वर्गाला शिकवतं आणि वर्षभर मग ते गप्प बसत नाही.

त्यावर प्रश्न विचार: साध्या पाण्यात का नाही घालायचं? मीठ घातल्याने दाण्याला काय झालं? दाणा होता तसाच आहे, पाणी बदललं. तरंगणं किंवा बुडणं हा एकट्या वस्तूचा गुण नसून वस्तू आणि द्रव या दोघांच्या तुलनेतून ठरतं, हे इथे उमगतं.

मग सातगाव पठाराचा बटाटा घे. साध्या पाण्यात तो बुडतो. एक लिटर पाण्यात चमच्याचमच्याने मीठ विरघळवत जा. साधारण १०० ते १५० ग्रॅम मीठ गेलं की बटाटा उचलला जातो. किती मीठ लागलं ते प्रत्येक गटाने लिहायचं.

द्राक्षांच्या दिवसांत यापेक्षा सुंदर प्रयोग आहे. एकाच घडातले मणी घेऊन त्याच रीतीने मीठ वाढवत जा. कमी गोड मणी आधी वर येतात, साखर भरलेले शेवटपर्यंत तळाशी राहतात, कारण साखर जितकी जास्त तितका रस घन. आधी पाण्यावरून क्रम लावायचा, मग दुसरे तसेच मणी चाखून तो पडताळायचा. मिठाच्या पाण्यातले मणी मात्र खाऊ द्यायचे नाहीत. आंब्याच्या हंगामात झाडाचे दोन आंबे आण. काढणीला आलेला बुडतो, कोवळा तरंगतो.

एक गोंधळ आधीच सोडवून टाक. 'दाट' म्हणजे 'घन' असं मुलांना वाटतं. शेंगदाण्याचं तेल पाण्याहून दाट आहे, हळू ओघळतं, तरीही पाण्यावर तरंगतं. पेल्यात दोन्ही ओतून दाखव. पुढे समजावण्याची गरज पडत नाही.

डेअरीत घेऊन जा

गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी मुलांना ने. लॅक्टोमीटर दुधात सोडला की तो किती खोल बुडतो त्यावरून 'डिग्री' वाचतात. २६ ते ३२ च्या आसपासचा आकडा म्हणजे दूध पाण्यापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी जड. पाणी घातलं की डिग्री उतरते. हे मुलांना घरून ठाऊक असतं.

आता खरा प्रश्न टाक: मग डिग्रीसोबत फॅट का मोजतात? उत्तर शोधायला त्यांना दिवसभर दे. साय पाण्याहून हलकी. साय काढून घेतली की उरलेलं दूध जास्त घन होतं, डिग्री चढते. मग त्यात पाणी घातलं तर डिग्री पुन्हा जागेवर येते आणि लॅक्टोमीटर फसतो. म्हणून फॅटही पाहावी लागते. एकाच मोजमापावर निकाल द्यायचा नाही, हा धडा विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरही त्यांच्या कामी येईल.

पाण्यात दगड हलका का होतो ते काट्यावर दाखव

भरलेली बादली हौदाच्या पाण्यात असेपर्यंत सहज हलते आणि पाण्याबाहेर आली की हात ओढते, हे पाणी भरणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या मुलालाही माहीत आहे. त्यांच्याच तोंडून ते काढून घे. मग भंगारवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा आण. आपला काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट घन असतो. भोकं नसलेला तीन किलोचा दगड काट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवलास तर काटा जवळपास दोन किलो दाखवतो. दगड बुडवताना काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेलं पाणी परातीत धर आणि तोल. गमावलेलं वजन आणि सांडलेल्या पाण्याचं वजन सारखंच भरतं. आर्किमिडीजची गोष्ट त्यानंतर सांग, आधी नको.

डब्याच्या धारांचं चित्र तपासून बघ

डब्याला वर, मध्ये आणि खाली भोकं पाडायची, खालची धार सर्वांत लांब जाते, असं चित्र पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. वर्गात दाखवण्याआधी स्वतः करून पाहा. डबा जमिनीवर ठेवून तो भरलेला राखलास तर सर्वांत लांब मधल्या भोकाची धार जाते. खालचं भोक तळापासून जितकं वर, तितकंच वरचं भोक पाण्याच्या पातळीपासून खाली असलं, तर त्या दोन्ही धारा एकाच जागी पडतात. दाब तळाशी जास्तच असतो, खालचं पाणी जोरानेच सुटतं, पण त्याला जमिनीवर पडायला वेळच कमी मिळतो. डबा त्याच्या स्वतःच्या उंचीइतक्या किंवा त्याहून उंच कट्ट्यावर ठेव, मग खालची धार पुढे जाईल. दोन्ही प्रकारे करून दाखव आणि फरक का पडला ते मुलांना शोधू दे. मग डिंभे किंवा माणिकडोह धरणाचं चित्र काढायला सांग. भिंत तळाशी रुंद का बांधतात हे ती आपणहून सांगतील.

बल शिकवताना खडूने बाण काढ

प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: हिला कोण ढकलतंय, कोण ओढतंय? जितकी उत्तरं तितके बाण. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाला दोन बाण आले पाहिजेत, एक पृथ्वीचा खाली आणि एक टेबलाचा वर. 'टेबल कसं ढकलेल, ते तर निर्जीव!' असं मुलं म्हणतील. दोन बाकांमध्ये लवचीक फळी टाकून तिच्यावर विटा ठेव. फळी वाकते आणि वरून रेटून धरते. टेबलही तसंच वाकतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

न्यूटन हे एकक हातावर तोलून दे. १०० ग्रॅमचा टोमॅटो तळहातावर ठेवला की पृथ्वी त्याला सुमारे एक न्यूटन बलाने खाली ओढते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट उचलणाऱ्या बापाच्या हाताला किती न्यूटन पेलावे लागतात, हा हिशेब मुलं आनंदाने करतात.

घर्षणासाठी रस्सीखेच लाव. आधी विचार: जिंकणारा गट दोरी जास्त जोराने ओढतो का? सगळे 'हो' म्हणतील. दोन स्प्रिंगचे काटे एकमेकांत अडकवून दोन मुलांना ओढायला लाव. दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवतात, एक मुलगा दुबळा असला तरीही. मग जिंकतो कोण? ज्याचे पाय जमिनीला घट्ट धरतात तो. दणकट गटाला गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभं कर, समोर अनवाणी मुली ठेव आणि निकाल पाहा. पडणाऱ्यांसाठी मागे सतरंज्या अंथरायला विसरू नको.

नाणेघाटाचा उलटा धबधबा समजावून सांग

पावसाळ्यात नाणेघाटात पाणी कड्यावरून खाली पडण्याऐवजी वर उडतं. मोबाइलवर 'इथे गुरुत्वाकर्षण चालत नाही' असं लिहिलेले व्हिडिओ फिरतात आणि मुलं त्यावर विश्वास ठेवतात. हे आपल्याच तालुक्यातलं आहे, तेव्हा त्याचं खरं कारण आपल्या मुलांना आधी कळलं पाहिजे.

सुरुवात खळ्यावरून कर. वावडीवर उभं राहून धान्याला वारं देताना दाणा जवळ पडतो, फोलपट दूर उडतं. दोघांनाही पृथ्वी ओढतेच. पण फोलपटाचं वजन थोडं आणि अंग मोठं, म्हणून वाऱ्याचं बल त्याच्यावर मात करतं. नाणेघाटात कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो. पाण्याची धार फुटून तिचे बारीक थेंब झाले की त्या थेंबांवर वाऱ्याचं बल वजनापेक्षा जास्त ठरतं आणि ते वर जातात. वारा पडला की तोच धबधबा खाली पडतो, आणि भर वाऱ्यातही दगड सरळ खालीच जातो. मुलांना दोन बाण काढायला सांग: वजनाचा खाली, वाऱ्याचा वर. ज्याचा बाण लांब, त्या दिशेला थेंब. सहल नेलीस तर कड्याच्या काठाजवळ एकाही मुलाला जाऊ देऊ नको. हे वर्गातही समजतं.

यानंतर खोडदच्या दुर्बिणीकडे वळ. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या मुलं जन्मापासून पाहतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याच्या रेट्यासमोर तिला धरून ठेवायला प्रचंड सांगाडा लागला असता. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादाच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली. तिची भोकं १० ते २० मिलिमीटरची आहेत. वारा त्यातून निघून जातो, आणि त्या मानाने फार लांब असलेल्या रेडिओलहरी जाळीवरून परावर्तित होतात. वाऱ्याच्या दिवशी मुलांच्या हातात एक परात आणि एक चाळण दे आणि मैदानात वाऱ्याला तोंड करून उभं कर. जगातल्या नामांकित दुर्बिणीमागचा विचार त्यांच्या मनगटाला कळतो.

गती घड्याळाशिवायही मोजता येते

शाळेत स्टॉपवॉच नसलं तर दोऱ्याला लहान दगड बांध. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी ठेवलीस की एक पूर्ण हेलकावा, जाऊन परत येईपर्यंत, एका सेकंदाचा होतो. झोका लहान ठेव. दगड बदलून, जड-हलका करून वेळ बदलते का तेही मुलांना पाहू दे. बदलत नाही, हे पाहून ती थक्क होतात.

आता तीन मीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हाळ कर. एक टोक चार बोटं उचल, त्यातून गोटी सोड आणि दोऱ्याच्या प्रत्येक हेलकाव्याला गोटी कुठे आहे तिथे खडूची खूण करायला लाव. पहिल्या सेकंदात गोटी साधारण १० सेंटिमीटर गेली तर दुसऱ्या सेकंदाअखेर ती ४० वर, तिसऱ्याअखेर ९० वर असते. मुलं एक, चार, नऊ असा वर्गांचा क्रम स्वतः ओळखतात. गॅलिलिओने उताराचीच युक्ती केली होती, कारण सरळ पडणारी वस्तू हातातून निसटते. उतार तिला मोजण्याइतकं सावकाश करतो.

सरळ पडणाऱ्या वस्तूसाठी व्हरांड्याच्या गच्चीवरून लहान आणि मोठा दगड एकदम सोड. नंतर एक सपाट कागद आणि एक चुरगळलेला. वस्तुमान तेच, तरी फरक पडला, म्हणजे तो हवेचा. चंद्रावर हवा नाही. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी तिथे हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबरच पडली. ती चित्रफीत वर्गात अवश्य दाखव. कठडा असलेल्या विहिरीत तू स्वतः खडा टाकून वेळ मोजलीस तर खोलीही काढता येते: एका सेकंदाला सुमारे ५ मीटर, दोन सेकंदांना सुमारे २०. मुलांना कठड्यापासून लांब उभं कर.

बैलगाडा घाटावर सरासरी वेग शिकव

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत एका वेळी एकच गाडा धावतो, त्या धावेला बारी म्हणतात, आणि नंबर सेकंदांवर ठरतो. म्हणून वेग आणि वेळ यांचं नातं आपल्या मुलांच्या जिभेवर असतं. सेकंद कमी तर बारी भारी, हे पहिलीतलं पोरही सांगतं. यात्रा नसताना शर्यतीच्या मोकळ्या घाटावर टेप घेऊन जा आणि मुलांकडून लांबी मोजून घे. समजा ती १२० मीटर निघाली आणि बारी १२ सेकंदांची, तर सरासरी वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.

मग विचार: गाडा सगळीकडे याच वेगाने धावला का? सुटताना हळू, मध्ये भरधाव. ते तपासायला मुलांनाच पळव. दर १० मीटरला एक मूल उभं कर, धावणारा समोरून गेला की त्याने हात वर करायचा, आणि सेकंद मोजणाऱ्याने ते टिपायचं. सरासरी वेग, बदलता वेग आणि त्वरण हे तिन्ही एका दुपारी होतात.

आकडा लिहिल्याशिवाय तास संपवू नको

'जास्त', 'कमी', 'लवकर' या शब्दांवर मुलांना थांबू देऊ नको. किती? कशाच्या किती? तीनदा मोजलं तर तीन वेगळे आकडे येतील. खोडून एकच करायला लावू नको, तिन्ही लिहायला सांग आणि फरक कशाने पडला ते विचार. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे दगडात कोरलेले आहेत. आपल्या भागात मोजून लिहून ठेवण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे, हे मुलांना अभिमानाने सांग.

मुलांच्या हातचं लोकांसमोर जाऊ दे

शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यावर उभा आहे. मुलांना एकदा तिथे ने. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळा तिथे प्रयोग मांडतात. तिथे विकतचं चकचकीत मॉडेल पाठवू नको. तुझ्या मुलांनी केलेली पन्हाळ, दोऱ्याचं घड्याळ, मिठाच्या पाण्यातली द्राक्षं पाठव. ज्याने स्वतः मोजलं आहे त्याला कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर देता येतं. मुलींना नुसतं तक्ते रंगवायला बसवू नको. काटा आणि टेप त्यांच्याही हातात असू दे.

आणि एक वही फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेव. तुला उत्तर येत नसेल तो प्रश्न पहिल्यांदा लिही, खाली मुलाचं नाव घाल आणि 'चल, करून बघू' म्हण. असा प्रश्न विचारायला पोरं घाबरली नाहीत, तर तुझा वर्ग चांगला चालला आहे असं समज.